मोहर आणि फळ

वसंत बागेत आणि बागायतीत एकाच रूपाने येत नाही. बागेत पांगारा ओसरतो, चैत्रात मोगरा बहरतो, वैशाखाच्या उन्हात बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात. यांतील प्रत्येक फूल स्वतःपुरते पुरेसे असते. कोकणातील हापूसच्या राईत मात्र मोहर पाहणाऱ्याची दृष्टी फुलावर ठरत नाही. ती फळाकडे धावते.

१७९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कांटने सौंदर्याचा विचार करताना फुलाचेच उदाहरण घेतले. फूल हे वनस्पतीचे जननेंद्रिय होय, हे जाणणारा शास्त्रज्ञही त्याच्या सौंदर्याचा निर्णय करताना हे प्रयोजन बाजूला ठेवतो, असे त्याचे म्हणणे. बागायतदाराला ही तटस्थता परवडणारी नाही. हापूस बहुधा वर्षाआड भरघोस धरतो. तो खाडा टळावा म्हणून झाडाच्या मुळांशी पॅक्लोब्युट्राझॉल घातले जाते. कर्ज काढून बाग राखणाऱ्याला त्याबद्दल दोष देणे शहरातील रसिकाला शोभत नाही.

तथापि फळाच्या या हिशेबातही एक पेच आहे. आंब्याच्या एका तुऱ्यावर शेकडो, प्रसंगी हजारांहून अधिक फुले असतात. त्यांतील पुष्कळशी नर-फुले. त्यांना फळ धरणे शक्यच नसते. उभयलिंगी फुलांपैकीही अगदी थोडीच आंब्यापर्यंत पोचतात. मग उरलेला मोहर व्यर्थ म्हणावा काय? माश्यांनी वाहून नेलेले नर-फुलांचे परागही फळाला कारण होतात, हे खरे. परंतु हे उत्तरही फुलाला फळाच्याच मापाने मोजते.

खरा नैतिक प्रश्न उद्भवतो तो हे माप माणसाला लावल्यावर. आपल्या भाषेने बागायतीतून फार काही उचलले आहे. सफल जीवन, निष्फळ प्रयत्न हे शब्द आपण सहज वापरतो. आणि न धरणाऱ्या झाडाचे ‘वांझ’ हे विशेषण स्त्रीलाही लावतो. येथे रूपक निर्णय होऊन बसते. झाड फळासाठी लावलेले असते, म्हणून त्याच्याकडे फळ मागण्यात अन्याय नाही. माणूस कोणी कोणाच्या फळासाठी लावलेला नसतो. अपत्य, कीर्ती, ग्रंथसंपदा यांवाचून सरलेले आयुष्य उणे ठरविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? राईतला हिशेब राईतच राहू द्यावा. कुंपणाबाहेर तो क्रूर होतो.