भाकरी ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध

अनाथाश्रम असो, मतिमंद मुलांचं गृह असो, म्हाताऱ्यांचं असो. तक्रार गेली की चौकशी येते. साहेब लोक रजिस्टर बघतात, कोठीघर बघतात, अधीक्षकाच्या खोलीत चहा पितात. मग पोरांना रांगेत उभं करून विचारतात, काय रे, काही त्रास हाय का? अधीक्षक शेजारीच उभा. पोरं म्हणतात, नाय साहेब. झाला अहवाल : तक्रारीत तथ्य आढळले नाही.

दोस्तहो, माझा सवाल एवढाच आहे. ह्या 'नाय साहेब'ला साक्ष म्हणायचं का?

आपल्याला हा सवाल नवा नाही. १९२८ साली मुंबई सरकारनं अस्पृश्य आणि आदिवासींच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९३० च्या अहवालात समितीनं दुखणं नेमकं पकडलं. हक्क कागदावर आहेत; पण काम, जमीन, दुकान सगळं गावाच्या हातात. हक्क मागितला की बहिष्कार. म्हणून माणूस गप्प. त्या गप्प बसण्याला कुणी सुख म्हणालं असतं, तर आपण त्याला सोडलं असतं का?

गृहातल्या माणसाचं तर गावच चार भिंतींचं. भाकरी, अंथरूण, औषध, दाराची किल्ली, सगळं एकाच्या हातात. चौकशीवाले संध्याकाळी जीपमध्ये बसून जातात. पोर रात्री तिथंच झोपतं.

मी न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात काम करतो. इथून निघालेले ट्रेलर कळंबोलीवरून जातात. त्याच कळंबोलीत कल्याणी महिला बालक सेवा संस्थेचं मतिमंद मुलांचं गृह होतं. २०१० साली शहापूर तालुक्यातल्या कवडासच्या गृहातली मुलं दगावल्याच्या बातम्या आल्या. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, राज्यातली अशी गृहं तपासायला लावली. २०११ मध्ये कळंबोलीचं उघडं पडलं. मुलींवर बलात्कार होत होते. मार्च २०१३ मध्ये सत्र न्यायालयानं संस्थापकाला फाशी सुनावली. ती पुढे उच्च न्यायालयानं रद्द केली, पण बलात्काराचा गुन्हा शाबीत झाला तो झालाच. बंदराच्या रस्त्यावरचं गाव. रोज हजारो माणसं जाणारी-येणारी. भिंतीच्या आतलं कुणाला ऐकू आलं नाही.

यार्डात संशय आला तर कस्टमवाला मालकाच्या कागदावर थांबत नाही. सील तोडतो, माल बाहेर काढतो, मोजतो. सील शाबूत आहे म्हणजे आत सगळं ठीक, असं कुणी लिहून देत नाही. मालाला एवढी किंमत. आणि माणसाची तपासणी रजिस्टरवर?

कुणी म्हणेल, खोटी तक्रारही असते, संस्थाचालकालाही न्याय पाहिजे. पाहिजेच. पण दोन गोष्टींची गल्लत करू नका. तक्रार खरी की खोटी, हे चौकशीनंतर ठरवा. तक्रारदाराला त्याच्या हाताखालून काढणं मात्र चौकशीच्या आधी. तराजूच्या एका पारड्यावर पाय ठेवलेला असताना 'आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या' म्हणणं म्हणजे पाय ठेवणाऱ्याचीच बाजू घेणं.

दुसरा म्हणेल, बिचारे सेवा करतात, संशय घेतला तर कोण पुढे येणार? ही बोली आपण ओळखतो. शिळी भाकरी वाढून वर उपकाराची पावती मागणारी. गृहातला माणूस दयेवर जगत नाही, हक्कानं जगतो. हक्कवाल्याला तक्रार करता आलीच पाहिजे.

होत नाही असं नाही. बिहार सरकारनं टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाकडून गृहांची तपासणी करून घेतली, तेव्हा २०१८ मध्ये मुझफ्फरपूरचं बाहेर आलं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानंसुद्धा न बोलणाऱ्याची खूण तोंडी साक्ष मानली होती. म्हणजे मुकं पोरगंही साक्षीदार आहे. समोरच्याला खूण वाचता आली पाहिजे.

तेव्हा ह्यापुढं कुठल्या गृहाचा अहवाल हातात पडला तर निष्कर्ष मागून वाचा. आधी बघा : न सांगता गेले होते का? अधीक्षकाला बाहेर ठेवलं का? पोरांची बोली जाणणारं कुणी बरोबर होतं का? तक्रारपेटीची किल्ली कुणाकडं? आणि तक्रार करणारं पोर आठ दिवसांनी कसं आहे, हे बघायला कुणी परत गेलं का?

ह्यातलं काही नसेल, तर चौकशी झालेलीच नाही. ती पुन्हा करायला लावा.