नव्या पदवीचा ठराव

महाविद्यालयातील अध्यापकांच्या सभेपुढे नव्या पदवी-अभ्यासक्रमाचा प्रस्ताव येतो, तेव्हा त्याच्या प्रास्ताविकात काळाची गरज, विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास आणि उद्योगक्षेत्राची मागणी यांचा यथासांग उल्लेख असतो; परंतु सभेत बसलेल्या बहुतेकांच्या मनात त्या वेळी चाललेला हिशेब निराळाच असतो, आणि तो असा की, या पदवीमुळे आपल्या विषयाचे आठवड्याचे तास वाढणार की घटणार, आणि घटले तर विभागातले निवृत्तीने रिकामे झालेले पद पुन्हा भरले जाणार की कायमचे बुडणार. हा हिशेब क्षुद्र मानण्याची, निदान चारचौघांत तो न बोलण्याची, आपल्याकडे रीत पडून गेली आहे. माझे मत नेमके याच्या उलट आहे. त्या साऱ्या चर्चेत सर्वांत खरा भाग हाच असतो, आणि त्याला सभेत उघड स्थान नसल्यामुळेच आपले विचारविनिमय पोकळ होत चालले आहेत.

कार्यभार या शब्दामागे एक साधी व्यवस्था आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांनी 14 तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे असते. विषयाचे एकूण तास त्या प्रमाणात भरले तर पद मान्य होते, न भरले तर अध्यापक ‘अतिरिक्त’ ठरण्याची टांगती तलवार येते. म्हणून तत्त्वज्ञानाच्या वर्गातून काही विद्यार्थी कमी झाले म्हणजे केवळ बाके रिकामी होतात असे नाही. त्या गावात तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस उरणार की नाही, हे त्यावर ठरते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 2020 मध्ये चार वर्षांच्या पदवीचा आराखडा दिला, महाराष्ट्रात तो स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत पुढल्या वर्षापासून उतरला, आणि मेजर, मायनर, कौशल्य, मूल्यशिक्षण अशा खान्यांत श्रेयांकांची वाटणी होऊ लागली, तेव्हा ही वाटणी म्हणजे पर्यायाने पदांचीच वाटणी आहे हे प्रत्येक विभागप्रमुखाला पहिल्या दिवशीच उमगले होते. सभेत मात्र बोलणे झाले ते बहुविद्याशाखीय दृष्टीविषयी.

अशा सभांना बसलेल्या माणसाला त्यांचा क्रम पाठ असतो. मागील सभेचे इतिवृत्त कायम होते, परीक्षांचे व शिष्यवृत्तीचे विषय संपतात, चहा फिरतो, आणि मग ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली नव्या पदवीचा मसुदा पुढे येतो. अर्ज दाखल करण्याची मुदत दोन दिवसांवर आलेली असते. मसुद्याची एकच प्रत हातोहात फिरते. ती तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचते तोवर सूचक आणि अनुमोदक यांची नावे लिहून झालेली असतात. एखादा संख्याशास्त्राचा अध्यापक पाने उलटून शेवटच्या तक्त्यापाशी थांबतो, कारण विषयांच्या नावांपुढील अध्यापकाच्या रकान्यात खालपर्यंत ‘नियुक्ती करावयाची आहे’ एवढेच लिहिलेले असते. तो विचारतो, हे शिकवणार कोण? तज्ज्ञ व्यक्तींना पाचारण करण्यात येईल, असे उत्तर मिळते, आणि ठराव सर्वानुमते मंजूर होतो. त्या सर्वानुमतात संख्याशास्त्राचा तो अध्यापकही असतो. त्याच्या विभागाचे तास नव्या पदवीमुळे वाढणार असतात आणि शेजारच्या विभागाचे घटणार असतात; दोघेही गप्प बसतात, कारण बोलले तर स्वार्थी ठरण्याचे भय असते.

या मौनाची परंपरा आपली नव्हे. डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 मध्ये स्थापन झाली, तिचे फर्ग्युसन कॉलेज पुढल्याच वर्षी उघडले, आणि ज्या आजीव सदस्यांनी ते चालवले त्यांनी अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले होते. गोपाळ कृष्ण गोखले दरमहा पंचाहत्तर रुपयांवर तेथे इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र असे जे विषय पुढे आले ते शिकवीत राहिले. येथे त्यागाचा गौरव करण्याचा माझा हेतू नाही. तो गौरव पुष्कळ झाला आहे, आणि त्यागाच्या नावाखाली आजच्या तरुण अध्यापकाला अर्धपोटी राबवून घेण्याचे समर्थनही झाले आहे. मला दाखवावयाचे आहे ते हे की, काय शिकवायचे हे ठरवणारे आणि शिकवण्यास बांधलेले लोक तेथे एकच होते, आणि वेतन, वेळ व बाहेरचे उत्पन्न या प्रश्नांवर ते एकमेकांशी उघडपणे, लेखी आणि निकराने भांडले. टिळकांनी 1890 मध्ये संस्था सोडली ती याच वादांतून, आणि आपला राजीनामा त्यांनी प्रदीर्घ कैफियतीच्या रूपाने लिहून दिला. तासांचा आणि पैशांचा प्रश्न बोलून दाखवण्यात त्या पिढीला हलकेपणा वाटला नाही.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. अध्यापकांना आपापल्या पदांची चिंता उघडपणे मांडू दिली तर नवे काहीच होणार नाही. जुने विषय आपल्या जागा धरून बसतील. मराठीच्याच बाबतीत हे घडले आहे. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले, आणि काही वर्षांतच देशी भाषांना उच्च परीक्षांतून बाजूला सारून अभिजात भाषांना त्यांची जागा देण्यात आली. ते दार पुन्हा उघडण्यासाठी न्यायमूर्ती रानडे यांना दीर्घकाळ झगडावे लागले, आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, त्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस, एम.ए.च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला. विद्वानांच्या सभा चुकतात, आणि दर्जाच्या नावाने चुकतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण रानड्यांनी आपली बाजू कशी मांडली तेही पाहावे. मराठी ग्रंथसंपदेच्या वाढीचा आढावा घेणारे टिपण त्यांनी 1898 मध्ये सिद्ध केले; म्हणजे शिकण्याजोगे वाङ्मय किती आहे, कोणत्या विषयांत आहे आणि कोठे उणे आहे, याची मोजदाद पुढे ठेवली. भावनेचे आवाहन करण्याइतकी पुण्याई त्यांच्यापाशी होती, तरी त्यांनी यादी केली. जुन्याचा हट्ट मोडण्यासाठी असा पुरावा लागतो, आणि तोच आजच्या नव्या प्रस्तावांत आढळत नाही. कोणती पुस्तके, त्यांतली ग्रंथालयात किती, प्रयोगशाळेत काय आहे आणि काय आणावे लागेल, शिकवणारा कोण, या प्रश्नांची उत्तरे मसुद्यात असतील तर जुन्या विभागांचा विरोध आपोआप लंगडा पडेल.

धोंडो केशव कर्व्यांनी 1916 मध्ये स्त्रियांचे विद्यापीठ काढले, मातृभाषेतून शिक्षण दिले आणि ‘गृहीतागमा’ ही स्वतंत्र पदवी योजली, तेव्हा त्या पदवीला सरकारी मान्यता नव्हती. कायद्याने ती 1951 मध्ये मिळाली. म्हणजे पस्तीस वर्षे त्या विद्यार्थिनींना पदवीची बाजारातली किंमत अनिश्चित असताना शिकावे लागले, आणि तेवढा काळ संस्थेने आपल्या माणसांच्या बळावर तग धरला. आज पदवीला नाव आपण देऊ शकत नाही, ते आयोगाने विनिर्दिष्ट केलेल्या नावांतूनच घ्यावे लागते. मान्यता मात्र विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यात नोंद, विद्यापीठाची शिफारस आणि शासनाचा आदेश या मार्गाने काही महिन्यांत हाती येते. कर्व्यांजवळ मान्यता नव्हती आणि माणसे होती. आपण मान्यता घेऊन येतो आणि विनाअनुदानित तत्त्वावरचा तो वर्ग तासिकेवर नेमलेल्या, उन्हाळ्यात वेतन नसलेल्या आणि पुढल्या जूनमध्ये येथे असेलच याची शाश्वती नसलेल्या एखाद्या पदव्युत्तर मुलीच्या हवाली करतो. ती मन लावून शिकवते, हे मी पाहिले आहे. पण अभ्यासमंडळावर तिला स्थान नसते, आणि ज्या सभेने ती पदवी सुरू केली त्या सभेला तिला बोलावलेलेही नसते.

यासाठी नवी पदवी आयत्या वेळच्या विषयांत कधीही घेऊ नये, आणि मसुद्यासोबत कार्यभाराचे पत्रक जोडल्याखेरीज तो सभेपुढे ठेवूच नये, अशी नियमातच तरतूद हवी. त्या पत्रकात प्रत्येक विषयाचे तास, शिकवणाऱ्याचे नाव, तो कायम आहे की तासिकेवर, आणि कोणत्या जुन्या विभागाचे किती तास कमी होणार, हे स्पष्ट लिहिलेले असावे; म्हणजे ज्याचे तास जाणार आहेत त्याला उठून बोलण्याचा अधिकार मिळेल, आणि त्याचे म्हणणे तासांपुरते आहे की विषयाच्या हिताचे, याचा निवाडा बाकीच्यांना करता येईल. विरोधी मत नावानिशी इतिवृत्तात नोंदले जावे. आणि ठरावातच, पदवी बंद करावी लागली तर शेवटच्या तुकडीतल्या अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांना परीक्षांची संधी संपेपर्यंत कोण शिकवील, हेही लिहिलेले असावे. कारण प्रवेश घेताना त्या मुलांनी महाविद्यालयाच्या नावावर विश्वास ठेवलेला असतो, आणि सूचक व अनुमोदक तोवर बहुधा निवृत्त झालेले असतात.