उरलेल्या शक्तीची वाटणी

वाटा किती घ्यावा हे सांगणारा कोणी नसेल, तर माणसाने आपला हात कोठे आवरावा? या जुन्या प्रश्नाचे एक नवे उदाहरण पृथ्वीपासून सुमारे १,४५० किलोमीटर उंचीवरून फिरत असते.

ऑस्कर-७ हा अनेक देशांतील हौशी रेडिओचालकांनी, म्हणजे 'हॅम' मंडळींनी, मिळून बांधलेला लहानसा उपग्रह. १५ नोव्हेंबर १९७४ रोजी तो अमेरिकेतून सोडण्यात आला. १९८१ मध्ये बॅटरी निकामी झाली आणि तो मुका झाला. पुढे २१ जून २००२ रोजी इंग्लंडमधील एका हौशी गृहस्थांना त्याचे क्षीण संकेत अचानक ऐकू आले! बॅटरीतील शॉर्टसर्किट कालांतराने आपोआप तुटले असावे आणि सौरपट्ट्यांची वीज थेट यंत्रांना मिळू लागली. तेव्हापासून तो उन्हात बोलतो, पृथ्वीच्या सावलीत शिरला की गप्प होतो. २०२४ मध्ये त्याने पन्नाशी गाठली, तीही बोलत. (इस्रोने २००५ मध्ये सोडलेला आपला 'हॅमसॅट' त्याच्याहून तीस वर्षांनी धाकटा, तो मात्र बॅटरीच्याच दोषाने २०१४ मध्ये कायमचा थांबला.)

खालून आलेले सगळे आवाज हा उपग्रह एकत्रच वाढवितो आणि दुसऱ्या लहरींवर परत पाठवितो. एकाच वेळी अनेक जोड्या बोलू शकतात. परंतु शक्ती एकच, ती सर्वांत विभागली जाते. कोणी गरजेपेक्षा अधिक जोराने प्रक्षेपण केले, तर त्याचा आवाज ठणठणीत येतो आणि इतरांचे दबतात. बॅटरीचा साठा नसल्याने वीजदाबही खचतो, मग सर्वांचेच स्वर थरथरू लागतात.

माझे आयुष्य पाटबंधारे खात्यात गेले. कालव्याच्या मुखाशी असलेल्याने जास्त पाणी ओढले की शेवटचे शेत कोरडे राहते, हे रोजचेच. पण तेथे पाणीपाळीचे वेळापत्रक होते, दंड होता, आणि शेवटचा शेतकरी तक्रार घेऊन कचेरीच्या दारात उभा राहत असे. येथे साध्या अँटेनावर धडपडणाऱ्याला आपली हाक पोचली नाही एवढेच समजते. कोणामुळे, हे बहुधा कळतच नाही. ज्याची तक्रारही उमटत नाही असा हा अन्याय.

कोणी म्हणेल, मेलेले यंत्र जागे झाले, फुकटचे आयुष्य आहे, घ्यावे वापरून. मला हे पटत नाही. फुकट मिळालेल्यावर ज्याचा त्याचा सारखाच हक्क, म्हणून तेथे जोरावर काही घेणे अधिकच गैर. जुन्या यंत्राविषयी जिव्हाळा असावा, पण संयमाचे देणे यंत्राला नाही, त्या न ऐकू येणाऱ्या माणसाला आहे.

सुदैवाने, बोलणाऱ्याला उपग्रहावरून परतणारा स्वतःचा आवाज ऐकता येतो. जाणती मंडळी तो ऐकत ऐकत आपल्या यंत्राची शक्ती उतरवीत जातात. समोरच्याला जेमतेम समजेल तेथे थांबतात, आणि उपग्रह क्षितिजाखाली जाण्यापूर्वी निरोप घेऊन जागा मोकळी करतात.