गळाला लागलेला प्रश्न

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही चार मित्र हिमाचल प्रदेशातल्या तीर्थन नदीवर ट्राउट धरायला गेलो होतो. वसईच्या माणसांनी मासे धरायला हिमालयात जावे, याचे घरोघरी हसू झाले. एकाच्या आईने तर विचारले, "का रे पोरांनो, आपल्या बाजारात मासळी मिळत नाही?" तिचा प्रश्न वाटला तितका साधा नव्हता, हे आम्हांला तिथे गेल्यावर कळले.

तपकिरी ट्राउट हा मूळचा युरोपातला मासा. थंड, स्वच्छ पाण्यातच तो जगतो. गेल्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी आधी काश्मिरात आणि मग १९०९ साली कुलूच्या खोऱ्यात त्याची पैदास सुरू केली, तीही मुख्यतः गळाच्या खेळासाठी. म्हणजे हा मासा तिथे आला तोच करमणुकीच्या वाटेने.

त्याला धरायची रीतही न्यारी. गळाला आमिष लावायचे नाही. पिसे आणि दोरा गुंडाळून गळालाच माशीचे रूप द्यायचे. ही माशी इतकी हलकी की नुसती भिरकावली तर दोन हातही जाणार नाही. म्हणून जाड दोरीच्या वजनावर तिला झुलवत न्यायचे आणि पाण्यावर अलगद टेकवायचे. सांगायला सोपे! सकाळचे दोन तास आम्ही पाठीमागची झाडेच धरत होतो.

दहाच्या सुमारास पहिला मासा लागला. वीतभराहून मोठा, सोनेरी अंगावर काळे-तांबडे ठिपके. सोबतच्या स्थानिक वाटाड्याने सांगितले: हात ओले करा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघून मासा आजारी पडतो, पाण्याबाहेर फार वेळ धरू नका, सोडताना तोंड प्रवाहाकडे ठेवा. गळाला उलटा काटा नव्हता, तो सहज सुटला. मासा क्षणभर हातात थांबला आणि निघून गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

एकाने मात्र वाजवल्या नाहीत. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या होडी आहे. तो म्हणाला, "आम्ही पोटासाठी मासळी मारतो. तुम्ही तिला कशासाठी छळलं?"

पुढचा तासभर काठ्या खडकावर पडून राहिल्या. एकजण म्हणाला, माशाला दुखत नाही. हे आता छातीठोकपणे म्हणता येत नाही. २००३ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ट्राउटच्याच एका जातीच्या तोंडाभोवती इजा जाणवणारे मज्जातंतू असल्याचे दाखवले. ती जाणीव म्हणजे आपल्यासारखी वेदना का, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. दुसरा म्हणाला, मारण्यापेक्षा सोडणे तरी दयेचे. स्वित्झर्लंडचा कायदा नेमके उलटे म्हणतो: सोडून देण्याच्याच इराद्याने मासा गळाला लावायला तिथे बंदी आहे, खायचा असेल तर धरा.

कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात या विषयावर मोजकी वाक्ये आहेत. अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास हरकत नाही. पण त्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे परिच्छेद २४१८ सांगतो. सगळी मेख त्या 'विनाकारण' शब्दात. चार मित्रांचा आनंद हे कारण होते काय? पेत्रानेही एकदा गळ टाकला होता, पण त्याला मंदिराचा कर भरायचा होता.

आम्ही मग होडीवाल्यालाच घेरले. "डोलीत बोटाएवढी पिल्लं येतात, ती कुणाच्या पोटासाठी?" तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. "ते चुकतं," तो म्हणाला. "बाबाही म्हणतात, चुकतं. पण डिझेलचे पैसे निघायला हवेत." त्या उत्तरावर आम्हांला बोलता येईना. आमच्याकडे डिझेलचीही सबब नव्हती.

दुपारी पुन्हा काठ्या उचलल्या. (हे लपवण्यात अर्थ नाही, खेळाची ओढ वादाने सुटत नाही.) या वेळी मासा मोठा होता, परवान्याच्या नियमात बसणारा; पण गळ थेट कल्ल्यांत रुतलेला. रक्त थांबेना. वाटाड्याने मान हलवली. आम्ही तिघे एकमेकांकडे बघत उभे राहिलो. होडीवाल्याने मासा घेतला, दगडाने डोक्यावर एकच घाव घातला आणि तिथेच साफ केला.

मीठ-हळद लावून तो शेकोटीवर भाजला. जेवणाआधीची प्रार्थना त्या दिवशी आम्ही जरा हळूच म्हटली. एक गोष्ट मात्र खरी, खाल्लेल्या त्या माशाचे ओझे मनावर कमी होते, सोडलेल्याचे जास्त. तरीही स्वतःला फसवू नये: आमच्या पिशवीत पराठे होते. उपाशी कोणी नव्हते.

संध्याकाळी दोघांनी काठ्या गुंडाळल्या, दोघे अंधार पडेपर्यंत पाण्यात राहिले. कोण कोण, ते इथे सांगत नाही.

घरी परतल्यावर त्या आईने विचारले, "किती मिळाले?"

"एक."

"एवढ्या लांब जाऊन एक? आणि बाकीचे?"

आम्ही होडीवाल्याकडे पाहिले. तो चहा फुंकत होता.