भूकंपाच्या नावावर

तो वाडा भूकंपानं पडला नाही, जेसीबीनं पडला. हे आधी सांगायला हवं, कारण आठवडाभर जो तो भूकंपाचंच नाव घेतो आहे. सागवानी खांब, नक्षीच्या तुळया, दाराची चौकट, सगळं ट्रॉलीत रचून नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या रस्त्यानं गेलं, तेव्हा रस्त्याकडेला उभ्या माणसांचं बोलणंही तेच: "बरं झालं. हिंगोलीकडं जमीन सारखी हलायलीय. मातीचं घर, कुणाच्या अंगावर आलं असतं म्हणजे?"

बाकीची कारणं मला समजतात. चार भावांत वाटणी जमत नाही, माळवद गळतं, सुनांना ढाळजेत बसणं नको वाटतं. त्यावर मी वाद घालणार नाही. पण भूकंपाचं नाव इतक्या सहज घेऊ नये. आपल्या भागात त्या नावामागं हजारो मेलेली माणसं आहेत.

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनानंतरची पहाट, चार वाजायला काही मिनिटं कमी. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावं झोपेत गाडली गेली. सुमारे आठ हजार माणसं गेली. माती-दगडानं मारलं असं आपण तेव्हापासून म्हणत आलो. नेमकं कशानं मारलं, ते अभियंत्यांनी पाहून लिहून ठेवलं आहे. भिंती दोन-अडीच फूट जाड, पण बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये गोटे आणि माती कोंबलेली; दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवद, त्यावर वर्षानुवर्षं मातीवर माती टाकून चढलेलं ओझं. हादरा बसताच भिंतीचे दोन थर फाकले. कितीतरी ठिकाणी लाकडी खणांचा सांगाडा मात्र उभाच राहिला होता. म्हणजे दोष कुठं आहे ते कळलं होतं आणि इलाजही सापडला होता: भिंतीला भोकं पाडून सळई घालून काँक्रीट भरायचं, दारा-खिडक्यांच्या वर पट्टा फिरवायचा, खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे आधार द्यायचे, माळवदावरची माती उतरवायची. जागतिक बँकेच्या कर्जातून लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचा कार्यक्रमही झाला. त्या पैशात पुष्कळांनी जुनं घर तसंच ठेवून शेजारी नवी खोली बांधली. तेव्हाची ती भीती मी समजू शकतो. ज्यांनी ढिगाऱ्यातून माणसं काढली, त्यांना कुणी शहाणपण शिकवू नये.

पण आजचा हा मालक? पाडलेल्या वाड्याच्या जागी काय उभं राहणार हे आपण सगळे ओळखून आहोत, कारण नांदेडच्या प्रत्येक गल्लीत ते उभं आहे. खाली गाड्या लावायला मोकळी जागा, नऊ इंची कॉलम, वर तीन मजले, भिंती अर्ध्या विटेच्या, आणि सगळ्यात वर पाण्याच्या दोन काळ्या टाक्या. कॉलमच्या सळया किती जाडीच्या, रिंगा किती अंतरावर, हे सेंट्रिंगवाल्यानं ठरवलेलं. 26 जानेवारी 2001 ला भूकंप झाला कच्छमध्ये आणि दोनशे किलोमीटरहून लांब अहमदाबादेत अशाच, खालून पोकळ इमारती बसल्या. भूकंपाला घाबरणारा माणूस पहिली चौकशी सळईची करतो. आमचा मालक चौकशी करतो टाइल्सची. ज्याला दोन फुटांच्या भिंतीची भीती वाटते त्याला डोक्यावरच्या दोन हजार लिटर पाण्याची वाटत नाही, मग ही कसली भीती? 2024 च्या मार्चमध्ये आणि जुलैत हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचे धक्के बसले, नांदेडपर्यंत भांडी वाजली. त्यानंतर किती जणांनी आपल्या नव्या घराचे कॉलम तपासून घेतले? मेलेल्यांचं नाव पुढं करून सागवानाचा सौदा करायचा, याचा मला राग येतो. त्या खांबांवर उद्या एखादं ढाबावजा हॉटेल 'वाडा' म्हणून पाटी लावेल, तेव्हा आपणच तिथं फोटो काढू.

घर पाडण्याआधी ते जाणकाराला दाखवावं, एवढीच अपेक्षा आहे. विष्णुपुरीत श्री गुरु गोविंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे, तिथं स्थापत्यशास्त्र शिकवलं जातं. मातीची आणि दगडी घरं भूकंपात टिकावीत म्हणून काय करावं, याची भारतीय मानकं 1993 सालापासून छापलेली आहेत, 13827 आणि 13828 या क्रमांकांची. पण वाडेवाला जाणार कुठं? जुनं घर राखणारा माणूस एकटा पडलेला असतो. सल्ला देणारा भेटतो तो पाडण्याचा गुत्तेदार, नाहीतर माळवद काढून पत्रे टाका म्हणणारा. पत्रे! मे महिन्यात पत्र्याखाली दुपार काढून दाखवावी आणि मग सल्ला द्यावा.

या एकटेपणावर एक उपाय आहे. अमेरिकेत सॅन डिएगोच्या साउथ पार्क वस्तीत जुन्या घरांच्या मालकांची जत्रा भरत असे. सुतार, रंगारी, खिडक्या दुरुस्त करणारे एका रस्त्यावर बसत, लोक शेजाऱ्यांची घरं आतून पाहत. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडे, उंट, गाढवं, बैल येतात. तिथं जनावराचे दात पाहिल्याशिवाय, चालवून घेतल्याशिवाय कुणी बरं-वाईट ठरवत नाही, आणि पाहणाऱ्या अनोळखी माणसाकडूनही मालक चार गोष्टी ऐकून घेतो. तसं घरांसाठी का होऊ नये? कंधार, देगलूर, मुखेडकडच्या वाडेवाल्यांनी, धाब्याच्या साध्या चार खणांच्या घरवाल्यांनीही, एका पटांगणात यावं. चुना भिजवणारा कोण उरला आहे, पांढरी माती कुठं मिळते, वाळवी लागलेला खांब वरचा भार टेकूवर घेऊन कसा बदलतात, माळवदातलं उजेडाचं साणं न बुजवता पाऊस कसा थोपवायचा, हे एकमेकांना विचारावं. दोन अभियंते बसवावेत, आणि घर धोक्याचं असेल तर त्यांनी तोंडावर तसं सांगावं. मग पाडा, तुमचं घर आहे, सातबारा तुमचा, पैसाही तुमचा. फक्त भाव चांगला आला म्हणून पाडलं, असं खरं सांगा.

मेळा भरवायचा तर वैशाखात, कारण मृगाच्या आत माळवदावरची जुनी माती उतरून नवी पडायला हवी. आणि फार वर्षं थांबून चालणार नाही. 1993 च्या भूकंपानंतरच्या कार्यक्रमात भिंती बांधून घेण्याची नवी रीत शिकलेले गवंडी आता साठीला आले आहेत, आणि त्यांची मुलं स्लॅबच्या कामावर जातात.