परभाषेचा उंबरठा आणि विद्येचा अधिकार

ज्याच्याजवळ एखाद्या विषयाचे ज्ञान आहे, पण ते ज्या भाषेत मांडावे लागते ती भाषा ज्याला पुरती अवगत नाही, त्याला त्या विद्येचा अधिकारी मानावे की नाही, हा प्रश्न अमेरिकेतील विद्यापीठांपुढे परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देताना दरवर्षी उभा राहतो. येथे अधिकार म्हणजे शास्त्र ग्रहण करण्याची पात्रता. वेदान्ताचे प्रकरणग्रंथ विषय, प्रयोजन आणि संबंध यांच्याबरोबर अधिकारी कोण हेही आरंभीच ठरवून घेतात, ते याच अर्थाने.

चार्ल्स फ्रीझ या भाषाशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९४१ मध्ये मिशिगन विद्यापीठात इंग्लिश लँग्वेज इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणे याला शास्त्राचे रूप येऊ लागले. तेथे शिक्षक एक वाक्य उच्चारीत, विद्यार्थी त्यातले एकच पद बदलून ते पुन्हा म्हणत, आणि वाक्यरचना जिभेवर रुळेपर्यंत ही आवर्तने चालत. पुढे १९६४ मध्ये टोफेल ही इंग्रजीच्या प्रावीण्याची परीक्षा आली आणि पात्रतेला गुणांचे माप मिळाले. आज असे वर्ग पुष्कळदा निरंतर शिक्षण विभागात, म्हणजे मुख्यतः नोकरी-व्यवसाय करणाऱ्या प्रौढांसाठी चालणाऱ्या आणि बहुधा स्वतःच्या शुल्कावर उभ्या असलेल्या विभागात भरतात. विद्यार्थी-व्हिसावर केवळ भाषा शिकणाऱ्याला आठवड्याला किमान १८ तास वर्गात बसावे लागते, आणि तरी त्या तासांची पदवीच्या श्रेयांकांत सहसा गणना होत नाही.

या व्यवस्थेमागची समजूत अशी दिसते की भाषा ही ज्ञानाच्या दाराबाहेरची पायरी आहे. न्यायदर्शनाने केलेला एक भेद येथे फार उपयोगी पडतो. डोंगरावर धूर दिसला, धूर तेथे अग्नी हा नियम आठवला आणि अग्नी असल्याचे मनाशी निश्चित झाले, की स्वार्थानुमान, म्हणजे स्वतःपुरते अनुमान, पूर्ण होते. त्याला बोलण्याची गरज नाही. तेच दुसऱ्याला पटवायचे तर प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशी पाच अवयवांची वाक्ये क्रमाने मांडावी लागतात, आणि याला परार्थानुमान म्हणतात. जपानी किंवा कोरियन भाषेत इंग्रजीतल्या ‘ए’ आणि ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत, म्हणून तेथून आलेला अभियंता अहवाल लिहिताना नामापाशी अडखळतो, पण त्याच अहवालातील त्याचे गणित निर्दोष असू शकते. त्याचे स्वार्थानुमान सिद्धच आहे. उणीव आहे ती परार्थाची. निबंधलेखनाच्या वर्गात त्याला आधी दावा, मग कारण, मग पुरावा आणि त्या पुराव्याचा दाव्याशी संबंध असा क्रम शिकवला जातो, तेव्हा तो केवळ व्याकरण शिकत नसतो, तर परक्या समाजापुढे सिद्धान्त उभा करण्याची रीत आत्मसात करीत असतो.

यावर वाणीचे तत्त्वज्ञान मांडणारा वैयाकरण भर्तृहरी याचा आधार घेऊन कोणी म्हणेल की शब्दावाचून ज्ञानच नाही, म्हणून जेथे भाषा कच्ची तेथे ज्ञानही कच्चे. परंतु अजून बोलू न लागलेल्या बालकाच्या जाणिवेतही भर्तृहरी शब्दाचा संस्कार मानतो. मग ज्याचा सारा विचार मातृभाषेत घडला आहे अशा प्रौढाला केवळ परभाषेतील अडखळण्यावरून अज्ञ ठरवणे भर्तृहरीच्या मताशी मुळीच जुळत नाही. मराठी परंपरेने तर याच प्रश्नाचे धाडसी उत्तर दिलेले आहे: शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला, म्हणजे वक्ताच श्रोत्याच्या भाषेकडे चालत गेला. नाना देशांच्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवणाऱ्या विद्यापीठाला प्रत्येकाच्या भाषेत जाणे शक्य नाही, हे मान्य केले पाहिजे, आणि म्हणून समान भाषेचा आग्रह अन्यायाचा ठरत नाही. अन्याय आहे तो ती भाषा कमावण्याचे श्रम विद्येत न मोजण्यात. परार्थानुमान हे ज्ञानाच्याच व्यवहाराचे अंग असेल, तर ते शिकवणारे वर्ग विद्यापीठाच्या परिघावर ठेवणे तर्काला धरून नाही. त्या तासांना पदवीच्या श्रेयांकांत स्थान द्यावे आणि तेथील अध्यापकांना इतर विषयांच्या अध्यापकांच्या बरोबरीने मानावे.