निकाल ठरलेला असतो तेव्हा

19 एप्रिल 2024 रोजी जबलपूर लोकसभा मतदारसंघात 61 टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. 2019 मध्ये ते 69 टक्क्यांच्या पुढे गेलं होतं. ऊन आणि लग्नसराई ही कारणं लगेच पुढे आली. मला ती पटत नाहीत. 2019 चं मतदान तर 29 एप्रिलला, म्हणजे आणखी तापलेल्या दिवसांत होतं.

खरं कारण म्हणजे ‘निकाल ठरलेलाच आहे’ हा समज. पाचच महिने आधी विधानसभेला मध्य प्रदेशात सुमारे 77 टक्के मतदान झालं, कारण सरकार कुणाचं येणार हे तेव्हा कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. त्यात, 2022 मध्ये काँग्रेसच्या चिन्हावर निवडून आलेले इथले महापौर फेब्रुवारी 2024 मध्ये भाजपमध्ये गेले. त्यांना मत देणाऱ्यांनी दोनच महिन्यांत पुन्हा उत्साहानं घराबाहेर पडावं, असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

भाजपचे आशिष दुबे 4,86,674 मतांनी निवडून आले. मतदान न केलेल्यांची संख्या त्याहून मोठी, सात लाखांच्या वर. पण न आलेल्याचा राग कुठल्याच यंत्रात नोंदला जात नाही. किमान मतदानाची अट आपल्याकडे नाही. 2017 च्या श्रीनगर पोटनिवडणुकीत जेमतेम सात टक्के मतदान झालं, तरी तिथून खासदार लोकसभेत गेलेच. ‘नोटा’ निदान मोजला तरी जातो.

आणि ठरलेले निकाल जबलपूरनंच उलटवले आहेत. 1974 मध्ये इथले काँग्रेसचे खासदार सेठ गोविंददास वारले. काँग्रेसचा हा बालेकिल्ला पोटनिवडणुकीत शरद यादव या 27 वर्षांच्या विद्यार्थी नेत्यानं जिंकला. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली, तेव्हा मतदारांनी पाचच वर्षं दिली आहेत म्हणून यादव यांनी राजीनामा दिला. मताला इतकी किंमत देणारा प्रतिनिधी असला की मतदारालाही रांगेत उभं राहावंसं वाटतं.

टक्का घसरण्याचं एक साधं कारणही आहे. इथल्या कितीतरी मराठी घरांत बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) चार मतदार चिठ्ठ्या देऊन जातात आणि दोन टीव्हीशेजारी तशाच पडून राहतात. मुलं पुण्याला नोकरीला, नावं मात्र इथल्याच यादीत. ती मुलं उदासीन नाहीत, त्यांचा पत्ता तेवढा जुना आहे. पत्ता बदलायला फॉर्म 8 असतो, तो ऑनलाइनही भरता येतो. निवडणुकीची वाट न पाहता या महिन्यातच मुलांकडून तो भरून घ्या.